परक्या खोऱ्याचा घागरा

अमेरिकेहून परत आल्यापासून जी भेटते ती मला पहिल्यांदा विचारते, "नायगारा कसा वाटला?" मी नायगारा पाहिलेला नाही. पाणी उंचावरून खाली पडतं हे मला इथे बसूनच माहीत होतं. मी अमेरिकेत गेले ती स्थळ बघायला, आणि बघून आले. ज्या बायकांचं आयुष्य मुली दाखवण्यात आणि मुलं बघण्यात गेलं, त्यांना माझ्या या प्रवासात रस वाटेल असं वाटलं म्हणून हे लिहायला घेतलं. बाकीच्यांनी नायगाऱ्याचे फोटो दुसरीकडे बघावेत.

माझा धाकटा भाऊ बाळू पुण्यात असतो. त्याची एकुलती एक मुलगी केतकी मिशिगनमध्ये ट्रॉयला मोटारींच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. तिनं कळवलं की तिथल्याच ब्रायन नावाच्या इंजिनिअरशी तिला लग्न करायचं आहे. मुलगा मिनेसोटातला, घरचे मूळचे नॉर्वेचे. बाळूच्या हृदयाचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला, आणि वहिनी त्याला सोडून हलायला तयार नाही. तेव्हा त्यानं मला बोलावून सांगितलं, "ताई, तू जाऊन बघून ये. तू हो म्हणालीस तर हो. नाही म्हणालीस तर विषय संपला." केतकीनंही फोनवर सांगून टाकलं होतं की बाबा हो म्हणाल्याशिवाय ती लग्न करणार नाही. म्हणजे पोरीचं सगळं माझ्या जिभेच्या टोकावर येऊन ठेपलं. माझीच निवड का, तर उभा जन्म मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं आहे. दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही, हे बाळूला चांगलं ठाऊक आहे.

ट्रॉय

ट्रॉयबद्दल फार सांगण्यासारखं नाही. घरं सारखी, रस्ते सारखे, आणि फुटपाथवर चालणारी मी एकटीच. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी केतकीनं मला तिथल्या मराठी लोकांच्या एका कार्यक्रमाला नेलं. स्टेजवर बारा-पंधरा बायका नऊवारी नेसून फुगडी घालत होत्या. जवळ जाऊन बघते तो नऊवारी शिवलेली. कमरेला इलॅस्टिक, कासोटा आधीच टाचलेला, निऱ्यांवर इस्त्री मारून कायमची घडी. पायजम्यासारखी पायांतून वर ओढायची की झालं नेसून. एकीनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "काकू, दोन मिनिटांत वेअर करता येते, आणि मशीन वॉशेबल आहे." मी म्हटलं, "मग उशीचे अभ्रेच का नाही घालत?" ती हसली. तिला तो विनोद वाटला.

केतकीकडेही तसलीच एक आहे. मी कपाटात पाहिली आणि दार लावून घेतलं.

जून महिन्यात ब्रायनच्या गावी दरवर्षी एक उत्सव असतो, त्याला जोडून आम्ही जायचं ठरलं होतं. ब्रायन मदतीला म्हणून आधीच गेला होता. विमानात केतकी मला पढवत होती. "आत्या, प्लीज, तिथे क्वेश्चन्स नको विचारूस हं. दे आर व्हेरी प्रायव्हेट पीपल."

"मुलगा बघायला आले आहे मी. प्रश्न विचारायचे नाहीत तर काय, हवा बघायची?"

"बघायला काय यार, आत्या. जस्ट भेटायचं. नॉर्मली."

नॉर्डाल, शुक्रवार

मिनिआपोलिसला विमानतळावर भाड्याची गाडी घेऊन केतकी मला पश्चिमेकडे घेऊन निघाली. वाटभर मका. मका संपला की सोयाबीन, सोयाबीन संपलं की पुन्हा मका. गावाचं नाव नॉर्डाल, आणि डाल म्हणजे त्यांच्या जुन्या भाषेत खोरं, असं केतकीनं कौतुकानं सांगितलं. मी काचेतून चारी दिशांना पाहिलं. एवढी सपाट जमीन मी जन्मात पाहिली नव्हती. डोंगर सोडाच, एखादं टेकाडही नव्हतं. खोरं म्हणून नाव ठेवायचं तर निदान गावाबाहेर मातीचे दोन ढीग तरी करून ठेवायचे होते.

शेतावरचं घर मात्र स्वच्छ होतं, हे मान्य करते. ब्रायनची आई कॅरल अर्ध्या चड्डीत दारात आली. साठीची बाई, होणाऱ्या व्याह्यांकडचं माणूस पहिल्यांदा दारात येतंय, आणि ही अर्ध्या चड्डीत. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि प्रवास कसा झाला विचारलं. ब्रायनचे वडील मागे उभे होते. ते म्हणाले, "पाऊस हवा होता." मी म्हटलं, हो का. ते म्हणाले, "पण फार नको."

जेवायला एक मोठं काचेचं भांडं आलं. खाली काहीतरी पांढरं, वर बटाट्याच्या गोळ्या. मला मांस चालत नाही हे केतकीनं कळवलेलं, म्हणून माझ्यासाठी त्याच पांढऱ्यातून मांस वगळलं होतं. वगळल्यावर जे उरलं त्याला चव म्हणून काही नव्हती. मीठ मागितलं तर सगळ्यांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. ताटात पांढरं, बाजूला पांढरा पाव, वर दुधाचा पेला. आजाऱ्यालासुद्धा आपण लिंबाची फोड देतो.

मग मी कामाला लागले. मुलाचं शिक्षण, पगार, घरात कुणाला दमा-मधुमेह, त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न का होत नाही, असे माझे सगळे प्रश्न तयार होते. पहिलाच प्रश्न मी ब्रायनच्या वडिलांना टाकला, "शेत किती आहे तुमचं?" ते म्हणाले, "पुरतं तेवढं." पुढचा प्रश्न मी कॅरलला केला तर ती म्हणाली, "उद्या हवा छान राहील म्हणतात." त्या घरात कुठल्याही प्रश्नाचं उत्तर शेवटी पावसापाशी जाऊन थांबतं. आमच्याकडे एवढ्या वेळात मुलाच्या मामाच्या भानगडीसुद्धा बाहेर आल्या असत्या. ब्रायन तेवढा मला आवडला. उंच, लाल कानांचा, आणि माझी बॅग वर नेताना त्यानं ती उचलून नेली, फरफटवली नाही.

"ग्रँडमा उद्या भेटेल तुम्हाला," तो म्हणाला. ब्रायनची आजी, वडिलांची आई, घराच्या मागच्या खोलीत राहायची. नाव सोलवे. त्या रात्री ती उत्सवाच्या तयारीत होती. केतकीनं हळूच सांगितलं, "आत्या, शी इज द बॉस. तिला आवडलं की सगळ्यांना आवडतं." म्हणजे बघण्याचा कार्यक्रम दोन्ही बाजूंनी होता तर.

शनिवार

उत्सव पार्कात होता. आत शिरताच डोक्याला शिंगं लावलेला एक गृहस्थ समोर आला. शिंगं प्लास्टिकची, अंगावर केसाळ कातडं, तेही बहुधा गालिच्याचं, आणि जूनच्या उन्हात घामाच्या धारा. पूर्वजांच्या आठवणीसाठी हा वेश. त्यांच्या पूर्वजांनी असलं काही कधी डोक्यावर घातलं नाही, हे तिथल्याच एका फलकावर लिहिलं होतं; त्याच फलकाखाली हीच शिंगं विकायला ठेवली होती. चर्चच्या तळघरात बायका बटाट्याच्या पोळ्या लाटत होत्या. लेफ्से म्हणतात. खाचा पाडलेलं लाटणं, आणि उलटायला एक लांब लाकडी पट्टी. पोळी पातळ होती, हे सांगायला हवं. पण तिला लोणी-साखर फासून गुंडाळून देतात आणि त्याला पक्वान्न म्हणतात. आत पुरण घालायचं कुणाला सुचलं नाही इतक्या शतकांत.

बायकांनी गावाकडचा पोशाख घातला होता. बुनाद म्हणतात त्याला: लोकरीचा जाड घागरा, वर कशिदा काढलेली चोळी, गळ्याशी लोंबत्या चकत्यांची चांदीची पिन. लांबून बरा दिसला. मग मी रांगेत एका बाईच्या मागे उभी राहिले तर पाठीवर चेन. कशिदा मशीनचा, दोरा रेयॉनचा, आणि फुलाचा देठ पानाला धड जोडलेलाही नाही. ट्रॉयच्या बायकांची मला आठवण झाली. माणसं कुठलीही असोत, इलॅस्टिक आणि चेन यांच्यापुढे सगळी सारखी.

पुढचं जे घडलं ते मी शांतपणे सांगते.

पार्काच्या मधोमध लाकडी छपराखाली एक दगड उभा होता. कमरेएवढा, करड्या रंगाचा, त्यावर उभ्या-तिरप्या रेघांची, काड्या मांडाव्यात तशी अक्षरं. जुन्या नॉर्स लोकांची लिपी, असं केतकी मागून सांगत होती. माझं लक्ष नव्हतं. कारण त्या अक्षरांमध्ये शेंदूर भरलेला होता. ताजा, लालभडक. पुढ्यात फुलं, चारी बाजूंनी माणसं हात बांधून गप्प उभी. आमच्या भागात गावोगाव वीरगळ असतात. लढाईत पडलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात, पुढे त्याला शेंदूर लागतो आणि त्याचा देव होतो. इथेही तसंच, हे मी एका नजरेत ओळखलं. इतक्या भंपकपणात एक तरी खरी गोष्ट सापडली म्हणून मला बरं वाटलं. मी चपला काढल्या. कॅरलला आणि आजीला लावण्यासाठी म्हणून पर्समध्ये हळदीकुंकवाचा करंडा होताच. पुढे झाले, दगडाला हळदीचं बोट लावलं, कुंकू लावलं आणि नमस्कार केला.

"मॅम," मागून आवाज आला. "मॅम, प्लीज स्टेप बॅक."

मघाचाच शिंगवाला. तो दगड म्हणजे म्हणे पुरावा होता. कोलंबसच्या आधी त्यांचे लोक इथे आल्याचा. आणि तो शेंदूर नव्हता. अक्षरं नीट वाचता यावीत म्हणून गावची कमिटी दर वसंतात रंगाच्या दुकानातून लाल रंग आणून त्यात भरते. फलकावर अगदी खाली, बारीक अक्षरांत, विद्यापीठातल्या लोकांना हा दगड अलीकडचा वाटतो असंही लिहिलं होतं. म्हणजे कमिटीनं खुशाल डबाभर रंग भरावा, आणि मी बोटभर हळद लावली तर तेवढ्यानं दगड बाटला.

त्यानं कागदानं पुसलं. हळद पसरली. मग दुसऱ्या एकानं बादलीत साबणाचं पाणी आणलं. मी सांगत होते, साबण लावू नका, पण माझं कोण ऐकतं. आपल्याकडे हळदीच्या पातळावर साबण पडला की काय होतं हे कपडे धुणाऱ्या कुणालाही विचारा. त्या दोघांनी घासायला सुरुवात केली आणि पिवळं बघता बघता रक्तासारखं लाल झालं. कडेनं ओघळ खाली उतरले. एक लहान मुलगी आईला म्हणाली, "मॉम, इट्स ब्लीडिंग." आईनं तिला ओढून मागे घेतलं.

केतकी पांढरीफटक पडली होती. "आत्या, टच का केलंस तू? व्हाय?"

"शेंदूर लावून ठेवतात, मग माणूस काय करणार?"

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि एक म्हातारी पुढे आली. ऐंशीच्या पुढची, ताठ, अंगावर काळा लोकरी घागरा. तिच्या पाठीवर चेन नव्हती, हे माझ्या लगेच लक्षात आलं. तिनं दगडाकडे पाहिलं, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग माझी साडी काठापासून पदरापर्यंत नजरेनं मापली. वळली आणि निघून गेली.

"ती माझी ग्रँडमा," ब्रायन म्हणाला. त्याचे कान आणखी लाल झाले होते.

रविवार

सकाळी मी उठून खाली आले तर केतकी घरात नव्हती. बाहेर भाड्याच्या गाडीत बसून रडत होती. मी शेजारी जाऊन बसले. तिनं सांगितलं. लग्न इथल्या चर्चमध्ये एकदा आणि पुण्यात एकदा असं त्यांचं ठरलं होतं. चर्चमधल्या लग्नात या घराण्याचा बुनाद घालायचा, अशी तिची फार दिवसांची इच्छा होती. हे लोक नॉर्वेतल्या हालिंगडालचे, म्हणजे हालिंग खोऱ्यातले. प्रत्येक खोऱ्याचा बुनाद वेगळा, आणि या घरातल्या सुना त्या एकाच घागऱ्यात लग्नाला उभ्या राहत आल्या, कॅरलसुद्धा राहिली. केतकीनं पहाटे आजीपाशी जाऊन तो मागितला. आजी म्हणाली, "नाही. तो तुझा नाही."

"एवढंच?"

"एवढंच. मग शी वेंट बॅक टू हर कॉफी." तिनं नाक पुसलं. "आत्या, मला फक्त त्यांच्यातली व्हायचं होतं. इतकी वर्षं मी इथे आहे, कुठेच मी कुणातली नाही गं. वाटलं, इथे तरी…"

मला जो संताप आला तो मी लपवणार नाही. दगडाचा सूड पोरीवर उगवते आहे ही म्हातारी, नाहीतर आमच्या पोरीच्या सावळ्या कातडीला यांची लोकर लागलेली चालत नाही, दोहोंपैकी एक. दोन्ही असेल. बाळूला फोन करून नकार कळवायचा, मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पण तोंडावर बोलल्याशिवाय निघून जाणं माझ्या स्वभावात नाही.

मी मागच्या खोलीचं दार वाजवलं आणि आत गेले. म्हातारी खिडकीपाशी बसली होती. पलंगावर तोच काळा घागरा पसरलेला, काठावर लाल-निळ्या-हिरव्या फुलांचा कशिदा. आधी बोलावं हे खरं, पण माझा हात पुढे गेला. मी घागऱ्याचा काठ उलटा केला. शाळेत मुलींनी आणलेलं भरतकाम मी कधी सुलट बाजूनं तपासलं नाही. कामचुकारपणा असतो तो पाठीमागे. गाठी, ओढलेले दोरे, एका फुलावरून दुसऱ्यावर मारलेल्या उड्या, काहीतरी सापडेल आणि तिथून बोलायला सुरुवात करता येईल, असा माझा हिशेब. उलटी बाजू सुलटीइतकीच साफ होती. मी दुसरी बाजू उचलली. तीही साफ.

म्हातारी उठली, माझ्यापाशी आली, आणि काही न विचारता माझा पदर हातात घेऊन तिनं तो उलटा केला. पदरावरचा कशिदा मी स्वतः काढलेला आहे. तिचं बोट फिरत फिरत कोपऱ्यातल्या मोरापाशी थांबलं. "इथे गाठ आहे," ती इंग्रजीत म्हणाली.

"घाई होती," मी म्हटलं. घाई नव्हती.

"हं," ती म्हणाली आणि पदर सोडला. जगात मला भेटलेली ही पहिलीच बाई, जिचं नाक माझ्यापेक्षा वर होतं.

मग मी बोलले. माझं इंग्रजी शाळेतलं, पण रागावलं की बरं वाहतं. "दगडाचा राग माझ्यावर काढा. पोरीवर काढू नका."

"कुठला दगड?" तिनं विचारलं, आणि मग तिच्या सुरकुत्यांमधून हसू फुटलं. "तो? तो माझ्या नवऱ्याच्या आजोबांच्या भावानं कोरला. बर्फात काम नसायचं, कोठारात बसून कोरला. साऱ्या घराला माहीत आहे, आणि सगळे गप्प. ओळी पाहिल्यास? सगळ्या उताराला लागल्या आहेत. त्याला कुंपणाचा खांबसुद्धा सरळ ठोकता येत नसे. मी लग्न होऊन आल्यापासून सांगते आहे, फेकून द्या म्हणून. काल तो दगड रडताना पाहिला आणि घरी येऊन पोट दुखेपर्यंत हसले. लोकांसमोर हसता येत नाही."

हे ऐकून माझा राग अर्धा उतरला, पण अर्धा होताच. "मग आमच्या मुलीत काय कमी आहे?"

तिनं उलट विचारलं, "तुम्ही कुठल्या खोऱ्यातल्या?"

अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून मला कुणीतरी पहिल्यांदा धड प्रश्न विचारला होता. बाकीचे विचारत, इंडियातल्या का, आणि पुढे म्हणत, माझा डेंटिस्ट इंडियन आहे. मी सांगितलं, "मोसे खोरं." पुण्याच्या पश्चिमेला डोंगरांत मोसे नदी आहे, तिच्या काठचे आम्ही. आमच्याकडेही माणूस खोऱ्यानं ओळखतात. मुठे खोऱ्यातला, रोहिड खोऱ्यातला, पवन मावळातला. तिच्या डोळ्यांत एकदम चमक आली. डोंगर किती उंच, बर्फ पडतो का, बायका काय नेसतात, तिनं एकामागून एक विचारलं. मी सांगितलं, नऊ वारांचं एकच वस्त्र, त्याला टाका नाही, टाचणी नाही, चेन नाही. आणि नेसून बाई शेतात कामही करते. तिचा विश्वास बसेना. "एकही टाका नाही?"

"एकही नाही." ट्रॉयच्या कपाटातल्या इलॅस्टिकवालीबद्दल मी बोलले नाही.

"मग ती त्यात उभी राहील," म्हातारी म्हणाली. "तिचं स्वतःचं खोरं आहे, त्याचं वस्त्र आहे. माझ्या सासूच्या घागऱ्यात तिनं कशाला शिरायचं?"

तिनं घागऱ्यावर हात फिरवला. "हा माझा नाही. मी सेटेसडालची, दुसऱ्या खोऱ्यातली. माझ्या आईनं तिकडून येताना पेटीत आपला बुनाद आणला होता, माझ्या लग्नासाठी. आमचा वेगळा असतो, काठ हिरवे-लाल. सासू म्हणाली, या घरात हालिंगचाच चालतो. मी घातला. माझ्या लग्नाचे सगळे फोटो त्या बाईच्या कपड्यांत आहेत. आईचा पेटीतच राहिला. मी काढला तेव्हा कसरीनं खाल्लेला होता. आई तोवर गेली होती." तिनं घागऱ्याचा काठ सरळ केला. "कॅरलनं मागितला तेव्हा मी गप्प बसले. ती हालिंग खोऱ्यातलीच होती, म्हटलं असू दे. या मुलीला नाही देणार. ती रडली तर रडू दे."

मी पलंगाच्या कडेला बसले. मला माझ्या लग्नातलं ताट दिसायला लागलं. ताटात तांदूळ पसरले होते, नवऱ्यानं बोटातल्या अंगठीनं त्यावर माझं नवं नाव कोरलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे हे असंच असतं, यात कुणाला वावगं वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. म्हातारीनं विचारलं म्हणून मी सांगितलं. आमच्याकडे कपडे नाही बदलत, नावच बदलतात. तिला वाटलं मी आडनावाबद्दल बोलते आहे. नाही, म्हटलं, हाक मारायचं नाव. सासरी माझं शरयू झालं. माहेरीसुद्धा हळूहळू शरयूच रुळलं, कारण सासरचे समोर असताना चुकून जुनं तोंडातून गेलं तर बरं दिसत नाही.

"आणि आधी काय होतं?"

"सिंधू," मी म्हटलं. आपलंच नाव आपल्या तोंडून ऐकायला इतकी वर्षं गेली होती.

"सिन्दू," तिनं म्हणून पाहिलं. चुकीचं. मी दुरुस्त केलं. तिनं पुन्हा म्हटलं, आणि ते जमेपर्यंत म्हणत राहिली. नंतर निघेपर्यंत तिनं मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नाही.

मी बाहेर गाडीपाशी जाऊन केतकीला जे ऐकलं ते सगळं सांगितलं. तिनं पुन्हा रडायला घेतलं, पण ते वेगळं होतं. मग म्हणाली, "पण आत्या, मला तर रिअल नऊवारी नेसताच येत नाही."

"शिकवीन," मी म्हटलं. "पहिल्या दहा वेळा सुटेल."

दुपार व्हायच्या आत मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनवरून पुण्याला फोन लावला. तिकडे रात्र होती. बाळू वाटच बघत असावा, लगेच उचलला.

"कशी आहेत गं माणसं?"

"जेवण बेचव. बोलणं पावसापाण्याचं. गावाला खोरं म्हणतात आणि साधं टेकाड नाही. गावात एक दगड आहे, तो खोटा. घर स्वच्छ आहे. मुलगा नम्र आहे."

"म्हणजे काय समजू मी? नको?"

"बाळू, माझं नाव काय?"

"ताई, बरी आहेस ना तू? झोप झाली नाही वाटतं."

"नाव सांग माझं."

"शरयू."

"ते लग्नानंतरचं. आधीचं सांग."

माझं लग्न झालं तेव्हा तो पाच वर्षांचा होता, मला ताईच म्हणायचा, हे मला कळतं. तरी मी थांबून राहिले. आत वहिनीला काहीतरी विचारल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "सुशीला?"

"सुशीला आपली मावशी होती."

"मग काय गं होतं?" तो ओशाळून हसला. "लहान होतो ना मी."

"होकार कळव त्यांना," मी म्हटलं. "केतकी त्या घरात केतकीच राहील. मी बघून घेतलं आहे." आणि फोन ठेवला.

मला इकडे येऊन आता बरेच दिवस झाले. लग्नाची तयारी चालू आहे, बाळू रोज संध्याकाळी येऊन बसतो, हॉलचं, जेवणाचं, पाहुण्यांच्या राहण्याचं सगळं मला विचारतो. ते नाव त्यानं पुन्हा विचारलेलं नाही.